खिडकीचे कौतुक फार, आत डोकावणारे थोडे

‘डोळा ही शरीराची खिडकी’ हे वाक्य विज्ञानवार्तांतून इतके वापरले गेले आहे की त्याची धार केव्हाच गेली. 2018 मध्ये गूगलच्या संशोधकांनी दृष्टिपटलाच्या छायाचित्रांवरून रक्तदाब, धूम्रपान आणि हृदयविकाराचा धोका यांचे अनुमान संगणकाकडून काढून दाखविले, तेव्हा मथळ्यांना उधाण आले. त्याआधी, 2016 मध्ये, मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारी हानी ओळखणारी त्यांची प्रणाली प्रसिद्ध झाली होती. तिच्या शिक्षणासाठी भारतीय नेत्ररुग्णालयांतील छायाचित्रेही वापरली होती. डोळे इथले, कीर्ती जगभर. पण ज्या मधुमेही माणसाच्या डोळ्यांत आजवर कोणी एकदाही पाहिले नाही, त्याच्यासाठी या बातमीचा अर्थ काय?

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी, छावणीचे आणि तागगिरण्यांच्या पट्ट्यातले बराकपूर आहे. ‘दिशा’ हे पूर्व भारतातील नावाजलेले नेत्ररुग्णालय याच गावचे. म्हणजे डोळ्यांचा मोठा दवाखाना गावातच आहे. तरीही रुग्णालय उपचार करू शकते ते आलेल्या माणसावर, आणि मधुमेही माणूस वेळेवर येत नाही. का यावे त्याने? डोळा दुखत नाही, लाल होत नाही, वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येते.

घात होतो तो याच शांततेत. रक्तातील वाढलेली साखर दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे कमकुवत करीत असते. काही पाझरू लागतात आणि दृष्टीच्या मध्यभागी सूज येते. काही बंद पडतात. मग प्राणवायूला मुकलेले दृष्टिपटल नव्या वाहिन्या वाढविण्याचा रासायनिक संदेश धाडते. त्या नव्या वाहिन्या इतक्या ठिसूळ असतात की एके सकाळी डोळ्यात रक्त उतरते. रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरकडे धावतो तो त्या सकाळी. चष्म्याचा नंबर बदलला असेल, अशी त्याची समजूत असते!

यात दोष रुग्णाचा नाही. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी 16.9 टक्क्यांच्या दृष्टिपटलावर विकार आढळला. तरीही व्यवस्थेने शरीराचे तुकडे पाडून ठेवले आहेत. 1976 मध्ये सुरू झालेला अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम दीर्घकाळ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोजत राहिला. मधुमेहाचा कार्यक्रम साखर मोजतो. साखर मोजणाऱ्या टेबलापासून बाहुली रुंदावणाऱ्या थेंबांपर्यंतची वाट बहुधा रुग्णाने स्वतःच शोधायची असते. रक्तदाबाच्या रुग्णाची गत याहून बरी नाही, आणि मधुमेहाच्या जोडीला रक्तदाब असेल तर हानी अधिक वेगाने होऊ शकते, याची त्याला कल्पनाही नसते.

नेत्रतज्ज्ञ अपुरे आहेत, हे उत्तर ठरलेले. ते खरेही आहे, पण पुरेसे नाही. दृष्टिपटलाचे छायाचित्र काढायला तज्ज्ञ लागत नाही. प्रशिक्षित तंत्रज्ञ काही मिनिटांत ते काढतो आणि वाचन दूरच्या शहरात होऊ शकते. इंग्लंडने 2003 पासून अशी नियमित तपासणी उभी केली. 2009-10 च्या नोंदींत, पाच दशकांत प्रथमच, इंग्लंड-वेल्समधील कामकरी वयातल्या अंधत्वाचे पहिले कारण हा विकार राहिला नाही. तिथे सामान्य मधुमेहीला तपासणीचे निमंत्रण येते. निमंत्रण, सल्ला नव्हे!

लेसरने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे 1976 मध्येच सिद्ध झाले. त्याच वर्षी वरचा राष्ट्रीय कार्यक्रम जन्मला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान होते त्याच वेळी पहिली नेत्रतपासणी व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते, कारण तोवर आजार बहुधा काही वर्षांचा झालेला असतो. त्या दिवशी रुग्णाच्या हाती गोळ्यांची चिठ्ठी पडते. तिच्यावर नेत्रतपासणीची तारीख लिहायला एक ओळ पुरेशी आहे.