घोडी नीट तर सूर नीट

दोस्तांनो, गावात हरिनाम सप्ताह बसला की तुम्ही वीणा पाहताच. सात दिवस, रात्रंदिवस, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण खाली म्हणून ठेवत नाहीत. नांदेड-लातूरकडच्या पोरांना हे काय सांगायचं! पण पुढच्या सप्ताहात एक करा. वीणेकरी काकांच्या जवळ जा आणि भोपळ्याच्या वर, तारांच्या खाली नीट बघा. तिथं एक लहानसं बाकडं दिसेल. तिचं नाव घोडी. सगळ्या तारा पाठीवर घेऊन उभी असते बिचारी!

घोडी गिटारलाही असते. तिला ब्रिज म्हणतात. गिटारची घोडी शिसवी किंवा तसल्याच कठीण लाकडाची, सरळ वरच्या फळीला चिकटवलेली. तिच्यात हाडाची एक अरुंद पट्टी बसवतात आणि तार त्या पट्टीच्या धारेवर टेकते. स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण 70 किलोचा ताण देतात. म्हणजे एक मोठा माणूस सतत ओढत असल्यासारखंच! तरी ती फळी पातळ लागते, नाहीतर ती थरथरणार कशी आणि आवाज येणार कुठून? हातानं गिटार बनवणाऱ्याची खरी कसोटी इथंच लागते.

तानपुऱ्याची घोडी मात्र वेगळ्या स्वभावाची. ती रुंद, आणि तिची पाठ किंचित उतरती. तार छेडली की ती एका जागी टेकून राहत नाही, त्या उतारावर हलकेच घासत नाचते. त्यातून जो झंकार उठतो, त्याला जवारी म्हणतात.

घरी करून बघा. रिकाम्या खोक्यावर रबरबँड ताणा, खाली पेन्सिल आडवी सरकवा आणि छेडा. टण् असा आवाज येईल. ही झाली गिटार! आता पोस्टकार्डाचा तुकडा रबराला नुसता टेकेल न टेकेल असा धरा. झर्र! ही जवारी. जरा दाबून धरलात तर आवाज मेलाच. बघा, केवढ्याशा अंतराचा खेळ आहे तो.

सर सी. व्ही. रामन तुम्हांला प्रकाशाच्या अभ्यासामुळं माहीत आहेत. पण या घोडीनं त्यांनाही कोड्यात टाकलं होतं. तार जिथं छेडतो तिथं स्थिर राहणारे उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा नियम होता. तानपुऱ्यात आणि वीणेत ते खुशाल ऐकू येतात! 1921 साली त्यांनी यावर निबंध लिहिला आणि कारण म्हणून याच रुंद घोडीकडं बोट दाखवलं.

अशा घोड्या बनतात मिरजेत. लातूरकरांना मिरज आठवतं ते पाण्यामुळं. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळात तिथूनच रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीला दहा टाक्या, पाच लाख लिटर! ती गाडी पंढरपूरवरून आली. तानपुऱ्याचे भोपळे त्याच पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात आणि उलट दिशेनं मिरजेला जातात. तिथं एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचं काम सुरू केलं. तलवारीचा हात तारांकडं वळला, हे मला फार आवडतं.

आता जवारी काढतात कशी? पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग वापरत. आता हाड, लाकूड किंवा कृत्रिम पट्टी. कारागीर कानशीनं दोन हात मारतो, तार चढवतो, ऐकतो. मान हलवतो. पुन्हा तार उतरवतो, पुन्हा दोन हात. शेवटी तार आणि घोडीमध्ये सुती दोरा सरकवायचा. एका जागी आला की तार एकदम बोलू लागते. मापाची पट्टी इथं कामाची नाही, कानच लागतो. आणि एकदा केलं की झालं असंही नाही. वाजवून वाजवून तार घोडीत खाच पाडते आणि झंकार बसतो. मग पुन्हा कानस.

2024 साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. छान झालं. पण मानांकनानं कान तयार होत नाही. तो उस्तादाजवळ वर्षानुवर्षं बसूनच होतो, आणि आज क्लासात बटण दाबलं की यंत्रातला तानपुरा सुरू होतो. स्वस्त, हलका, तार तुटायची भीती नाही. मग इतकी वर्षं कानस धरायला कोण बसेल?

तुमच्या गाण्याच्या क्लासात खरा तानपुरा असेल तर बाईंना दोन गोष्टी विचारा. याची जवारी शेवटची कधी काढली? आणि कुणी? जमलं तर दोरा किंचित मागं-पुढं सरकवून दाखवायला सांगा. डोळे मिटून ऐका. सूर कुठं उघडतो, ते कुणी न सांगता कळेल.