प्रयोगशाळेची मालकी कोणाची?

विद्यापीठाचे दार उघडले की समाजाचा शिक्षणाचा हक्क पुरा झाला, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अपुरी आहे. आत गेलेल्या विद्यार्थ्याने इतरांनी शोधलेले ज्ञानच केवळ पाठ करावयाचे असेल, तर ज्ञानाच्या शेतावर तो कूळच राहतो, मालक होत नाही.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १८८१ साली कृष्णवर्णीयांची एक शिक्षणसंस्था स्थापन झाली. त्या परिसरातील सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने पाळत ठेवली. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले नाही. पेनिसिलीनसारखे औषध उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. या कामी खुद्द त्या संस्थेचे रुग्णालय वापरले गेले, हे विशेष लक्षात ठेवावे.

याच संस्थेत १९५३ साली पोलिओविरोधी संशोधनासाठी मानवी पेशी वाढविण्याचे केंद्र उभे राहिले. रसेल ब्राऊन व जेम्स हेंडरसन या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली १९५५ पर्यंत सुमारे ६ लाख पेशीसंवर्धने देशभरच्या प्रयोगशाळांना पुरविण्यात आली. साल्क यांच्या लसीची परीक्षा त्यांवर झाली. मात्र त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीरातून १९५१ साली तिची संमती न घेता काढलेल्या होत्या.

यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. साधने मिळाली तर उपेक्षित समाजाची संस्था साऱ्या राष्ट्राच्या उपयोगी पडते. परंतु प्रश्न कोणी विचारावयाचा व संमती कोणाची घ्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार नसेल, तर नुसती इमारत त्या समाजाचे रक्षण करीत नाही.

ज्याच्याजवळ उपकरणे त्यालाच अनुदान, आणि अनुदान नाही म्हणून उपकरणे नाहीत, हे चक्र भेदण्यासाठी अमेरिकन काँग्रेसच्या आदेशाने १९८५ साली अल्पसंख्य समाजांच्या उच्च शिक्षणसंस्थांत संशोधन केंद्रे उभारण्याची योजना निघाली. महागडे सूक्ष्मदर्शक वा पेशीसंवर्धनाची दालने एकेका प्राध्यापकास परवडत नाहीत. ती सर्व विभागांना सामायिक असली, तरच तरुण संशोधकाला उभे राहता येते. मात्र यंत्राच्या किंमतीबरोबर दुरुस्तीचा खर्च व कुशल तंत्रज्ञाचे वेतन यांचीही तरतूद हवी. नाही तर यंत्रावर धूळ बसते.

कोणी म्हणेल, धनाढ्य विद्यापीठांत ही साधने आहेतच, तेथे जाऊन काम करावे. दुसऱ्याच्या मर्जीने ओंजळीत पडणारे पाणी काय असते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

टस्कीगीचा प्रकार उघडकीस आल्यावर १९७४ साली अमेरिकेने संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समित्यांचा कायदा केला. कायदा आवश्यकच आहे. परंतु ज्यांच्या देहावर संशोधन होते, त्यांचीच मुले प्रयोगशाळेत प्रश्न विचारणारी आणि समितीत मत देणारी होतील, तेव्हाच त्या कायद्यात प्राण येईल.