हाड जुळलं, आजार तसाच

आमच्या सासूबाईंच्या फाईलमध्ये दोन कागद आहेत. पहिला केसपेपर मनगटाचा. 67व्या वर्षी मोरीत पाय घसरला, त्यांनी हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, कॅल्शिअमच्या गोळ्या आणि ‘वयाप्रमाणे चालायचंच’ हा निरोप. दुसरं डिस्चार्ज कार्ड चार वर्षांनंतरचं, खुब्याचं. रात्री खाटेवरून उठताना तोल गेला, एवढंच निमित्त. बॉल बदलला. कार्डावर टाके काढायची तारीख आहे, वॉकर आहे, पुन्हा कॅल्शिअम आहे. हाडं ठिसूळ झाली आहेत, हे मात्र एकाही कागदावर नाही.

मधल्या काळात त्यांचे परकर जमिनीला टेकायला लागले होते. मी दोनदा टीप मारून ते आखूड करून दिले. पुढे व्यायाम शिकवायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने विचारलं, “आजींची उंची कमी झालीय का हो?” तिच्या सांगण्यावरून पाठीचा एक्स-रे काढला, तर दोन मणके दबलेले. मी परकर आखूड करत होते आणि खरं तर माणूस आखूड होत होतं.

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण यानंतर वाचलं, विचारलं, आणि संताप वाढतच गेला. उभ्या उभ्या पडून पन्नाशीनंतर हाड मोडलं, तर ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणाची, शंका घ्यायची, हे वैद्यकशास्त्राला केव्हाचं माहीत आहे. एक हाड असं मोडलं की पुढचं मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. जुन्या घराचा एक वासा मोडला तर गावचा सुतारसुद्धा शेजारचे वासे टोकरून बघतो, वाळवी कुठवर गेलीय म्हणून. आपल्याकडे नवा वासा ठोकून सुतार घरी जातो.

‘कॅल्शिअम दिलं होतं ना’ हे उत्तर पुरेसं नाही. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. आधी हाड मोडलेल्या, सत्तरी गाठलेल्या पाच हजारांवर लोकांना कॅल्शिअम, ड जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या; पुढची फ्रॅक्चर काही कमी झाली नाहीत. कॅल्शिअम आणि ड जीवनसत्त्व लागतंच, पण ते औषधाच्या जोडीला. औषध वेगळं आहे. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड शिरेतून वर्षातून एकदा देतात. 2007च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या अभ्यासात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत ते सुरू केलेल्या रुग्णांत नवी फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले. आठवड्याला एक घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळीही आहे. मूत्रपिंड आणि दात आधी तपासावे लागतात. जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते हे खरं, पण ते क्वचित. दुसरा खुबा मोडणं मात्र क्वचित नाही.

तालुक्याला हाडांची घनता मोजणारं डेक्साचं मशीन नाही, ही सबबही ऐकली. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला, की निदान तिथेच होतं. उपचार मशीनसाठी थांबवायचं कारण नाही. उलट, हॉलमध्ये फुकट शिबिरं भरवून टाचेवर यंत्र लावतात आणि धडधाकट माणसाला घाबरवून पावडरचे डबे विकतात, त्यावरून निदान होत नाही. खरी तपासणी कमरेच्या मणक्यांची आणि खुब्याची. गंमत अशी की ज्यांना गरज नाही ते रांगेत, आणि ज्यांचं हाड मोडलंय ते घरी पडून.

ओपीडीत शंभर रुग्ण असताना सर्जनने किती बघायचं, हे मला मान्य आहे. म्हणून तर ग्लासगोमध्ये 1999पासून हे काम प्रशिक्षित परिचारिकांकडे दिलं. फ्रॅक्चर होऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाची त्या नोंद ठेवतात, तपासणी आणि औषधाचा पाठपुरावा करतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात एक सिस्टर आणि एक रजिस्टर एवढंही जमू नये? 2024पासून 70 वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात. म्हणजे मोडलेला खुबा बसवायला सरकार पैसे द्यायला तयार आहे. वर्षातून एकदाच्या इंजेक्शनचा खर्च त्यापुढे किरकोळ.

आरोग्य खात्याने निदान प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर एक ओळ सक्तीची करावी: ‘हाडांच्या ठिसूळपणाचा उपचार सुरू केला / नाही, कारण’. आणि वाचकहो, तुमच्या घरात गेल्या काही वर्षांत कुणा वडीलधाऱ्यांचं मनगट, मणका किंवा खुबा मोडला असेल, तर ती फाईल आज काढा आणि डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा. पुरुषांचीही काढा; हा फक्त बायकांचा आजार नाही.

आमच्या सासूबाईंना पहिलं इंजेक्शन मिळालं, ते मनगट मोडल्यानंतर साडेपाच वर्षांनी.

– एक वाचक, सातारा