सल्ला नेमका कुणाला द्यायचा? शाळेतला समुपदेशक आणि फॉर्मवर नसलेला रकाना

पीएचडीच्या फील्डवर्कसाठी मी काही महिने दिल्लीतल्या एका खासगी शाळेत जात होते. समुपदेशक मॅडमच्या खोलीत कोपऱ्यात वही घेऊन बसायची परवानगी मिळाली होती. एके दिवशी सहावीतल्या एका मुलाच्या आईला बोलावलं होतं. मुलगा दलित कुटुंबातला, शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांमधून आलेला. आई चार घरची धुणीभांडी करते. वेळ दिली होती सकाळी ११ ची, म्हणजे दोन घरचं काम बुडवून ती आली होती.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलगा लक्ष देत नाही, कुणाशी बोलत नाही, गृहपाठ अर्धवट असतो. समुपदेशक मॅडमनी खरंच आपुलकीनं सल्ला दिला. मोबाइल कमी द्या, घरात अभ्यासासाठी एक शांत कोपरा ठेवा, रोज अर्धा तास त्याच्याशी बोला. एका खोलीत पाच माणसं राहणाऱ्या घरातली ती बाई मान हलवत राहिली. उठता उठता तिनं एकच विचारलं, "मैडम, इसको सबसे पीछे क्यों बिठाते हैं?"

"वो हाइट के हिसाब से होता है," उत्तर आलं. मुलगा वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलांपैकी एक होता.

त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली, "पालकांना मार्गदर्शन केले." आईचा प्रश्न कुठेच नाही. मीही गप्प बसले. संशोधकानं हस्तक्षेप करायचा नसतो, अशी मी माझी समजूत घातली. ते गप्प बसणं मला अजून सलतं.

शाळेतल्या समुपदेशकाचं काम फक्त मुलाला खोलीत बसवून बोलतं करणं नाही. त्यानं शिक्षकांचा आणि पालकांचा सल्लागार असणंही अपेक्षित आहे. या भूमिकेची सैद्धांतिक मांडणी करणाऱ्यांत जेरल्ड कॅपलन हे मनोविकारतज्ज्ञ महत्त्वाचे. त्यांचं यावरचं पुस्तक १९७० साली आलं. त्यांची मांडणी साधी आहे. सल्लागार थेट मुलावर काम करत नाही, तो मुलाबरोबर रोज काम करणाऱ्या माणसाला मदत करतो. म्हणजे बदल अपेक्षित आहे तो आधी शिक्षकात.

कॅपलन आणखी एक गोष्ट सांगतात. कधी कधी शिक्षकाची अडचण ज्ञानाची किंवा कौशल्याची नसते. त्याच्या मनात एक साचा बसलेला असतो. हे मूल 'अशा' मुलांपैकी आहे, आणि 'अशा' मुलांचं शेवटी हेच होतं. एकदा मूल त्या साच्यात बसलं की शिक्षकाला समोरचं मूल दिसतच नाही. याला ते 'थीम इंटरफिअरन्स' म्हणतात. सल्लागाराचं काम हा साचा सैल करण्याचं.

कॅपलनसाठी हा साचा त्या एका व्यक्तीच्या आयुष्यातून आलेला असतो. भारतातल्या वर्गात तो साचा म्हणजे जात. तो एकट्या शिक्षिकेचा नाही. स्टाफरूमचा आहे, मुख्याध्यापकांचा आहे, मागच्या बाकाला 'कोटेवाला' म्हणणाऱ्या मुलांच्या घरांचा आहे. आणि पुष्कळदा समुपदेशकाचाही. सल्ला देणारा आणि घेणारा एकाच साच्यातून बघत असतील, तर त्या बैठकीत सल्लामसलत होत नाही. दोघांचं एका मुलाबद्दल एकमत होतं, एवढंच.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शिकले. आमच्या शाळेत समुपदेशक नव्हता, पण पालकांना बोलावणं होतं. गुरुजी वर्गातल्या इतर मुलींच्या वडिलांना "अहो, बसा" म्हणायचे. माझ्या वडिलांना म्हणाले, "काय रे, पोरीकडं लक्ष नाही का तुझं?" गुरुजी वयानं वडिलांपेक्षा लहान होते. वडील उभेच राहिले. घरी येताना वाटेत एक शब्द बोलले नाहीत, आणि पुन्हा कधी शाळेत आले नाहीत. आमच्या वस्तीतले पालक 'उदासीन' असतात, असं शाळेत म्हटलं जायचं. ती उदासीनता कशी तयार होते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आता समुपदेशकांची भरती वाढणार आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असं त्यात आहे. एससी, एसटी, ओबीसी आणि इतर वंचित घटकांतल्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेनं वागण्याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावं, असंही आहे. स्वागतच आहे. पण पद भरलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. त्या खोलीत कोण बसणार आणि कुणाला सल्ला देणार, हे ठरवावं लागेल.

तमिळनाडूतलं नांगुनेरी आठवा. ऑगस्ट २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्यानं हल्ला केला. त्याला वाचवायला गेलेली बहीणही जखमी झाली. त्याआधी शाळेतल्या छळामुळे तो वर्गात यायचा बंद झाला होता. गैरहजेरी ही अनेक शाळांत 'वर्तन समस्या' म्हणून नोंदली जाते. इथे ती जिवाच्या भीतीची खूण होती. या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू समितीनं जून २०२४ मध्ये अहवाल दिला. जात दाखवणारे मनगटावरचे रंगीत धागे बंद करा, शाळांच्या नावातून जात काढा, मोठ्या शाळांत कल्याण अधिकारी नेमा, अशा शिफारशी त्यात आहेत. रोख मुलाला 'सुधारण्यावर' नाही, शाळा सुधारण्यावर आहे. समुपदेशकाची दिशाही तीच हवी.

म्हणून काही मागण्या. एक, मुलाला पाठवण्याच्या फॉर्मवर 'घरचं वातावरण' हा रकाना असतो, तसा 'वर्गातलं वातावरण' हाही हवा: मूल कुठे बसतं, त्याला प्रश्न विचारले जातात का, डबा कुणासोबत खातं, कोणत्या नावानं हाक मारली जाते. दोन, पालकांना बोलावण्याआधी समुपदेशकानं वर्गात जाऊन बसावं आणि शिक्षकांशी बोलावं. तीन, पालकांना त्यांच्या कामाची वेळ बघून बोलवा, बसायला खुर्ची द्या, "अहो" म्हणा, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न रजिस्टरमध्ये त्यांच्याच शब्दांत लिहा. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत वंचित घटकांतल्या पालकांना कायद्यानं प्रतिनिधित्व आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना ती समितीच बंधनकारक नाही. तिथे या आईला बोलायला समुपदेशकाची खोली ही एकच जागा उरते. चार, जातिवाचक शिवीगाळ आणि छळ हा 'दोघांना समोरासमोर बसवून मिटवण्याचा' विषय नाही. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. समुपदेशकाला तो माहीत हवा.

आणि पाचवी मागणी जुनीच आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतले शिक्षक बहुतेक ब्राह्मण असल्याकडे बोट दाखवलं होतं, आणि शेतकरी-कष्टकरी समाजातून शिक्षक तयार करा असं सुचवलं होतं. आज समुपदेशकांच्या भरतीला तोच प्रश्न लागू आहे. आमच्या वस्त्यांतून आलेल्या माणसांना ते प्रशिक्षण आणि त्या नोकऱ्या, कायमस्वरूपी, मिळाल्या पाहिजेत. कंत्राटावरच्या त्या मॅडमना शिक्षिकेला प्रश्न विचारता आला नाही, याचं एक कारण दरवर्षी नूतनीकरणाला जाणारा तो कागदही होता. त्यांना एकट्यांना दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही.

त्या आईला कुणाचा सल्ला नको होता. तीच शाळेला सल्ला देत होती: माझ्या मुलाला पुढे बसवा. त्या खोलीत त्या दिवशी कामाचं बोलणारी ती एकटीच होती, आणि ते लिहून घेणारं कुणी नव्हतं.