पटावरून नाव कमी करू नका

७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी रोममध्ये कार्लो अकुतिस या मुलाला संत म्हणून जाहीर केलं. आपल्यापैकी पुष्कळांनी ते टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर बघितलं. कॉम्प्युटरचा नादी, जीन्स-टीशर्टवर हिंडणारा, १५ व्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरने गेलेला मुलगा. १२ ऑक्टोबर २००६ ला तो वारला. संत झाला तेव्हा असता तर ३४ वर्षांचा असता. त्या समारंभाला त्याचे आईवडील हजर होते. पोटच्या लेकराला संत झालेलं बघणं फार थोड्या आयांच्या वाट्याला आलं आहे. १९५० मध्ये मारिया गोरेट्टीच्या आईला ते बघायला मिळालं होतं, तिची मुलगी तर ११ वर्षांची असताना गेलेली.

कार्लोची आई अंतोनिया गेली कित्येक वर्षं आपल्या मुलाबद्दल बोलते आहे, लिहिते आहे, आणि आपण ते कौतुकाने ऐकतो. पण आपल्याच गल्लीतली एखादी आई आपल्या गेलेल्या पोराबद्दल बोलायला लागली की आपण काय करतो? “असू दे की ओ, आता कशाला ते काढतासा,” म्हणतो. चहा पुढे करतो. पावसाचं, भाताचं, नाहीतर बसच्या गर्दीचं बोलायला लागतो. आपल्याला वाटतं आपण तिच्यावर दया केली. मला वाटतं आपण तिचं तोंड बंद केलं.

येत्या २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस आहे. आपण सिमेट्रीत जाऊ, गवत काढू, क्रूस धुऊ, फुलं आणि मेणबत्त्या लावू. मिस्सेत वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातील. त्याआधी हे एक लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आपल्या भागात बाईला तिच्या नावाने हाक मारायची पद्धत नाही. पहिलं मूल झालं की ती अमक्याची आई होते. शेजारी, दुकानदार, शाळेतले आम्ही मास्तर, सगळे तिला तेच म्हणतो. आणि ते पहिलं मूल गेलं तर? बघा कधी लक्ष देऊन. महिन्याभरात सगळी गल्ली, कोणी कोणाला न सांगता, तिला दुसऱ्या मुलाच्या नावाने हाक मारायला लागते. दुसरं मूल नसेल तर ‘वहिनी’, ‘मावशी’. लेकरू गेलं ते गेलंच, वर त्याच्यामुळे मिळालेलं नावही काढून घेतलं. वाईट हेतूने कोणी करत नाही, पण होतं ते असं.

“मुलं किती?” हा असाच दुसरा प्रश्न. लग्नात, एस्टीत, दवाखान्याच्या बाकावर कोणीही सहज विचारतं. जिचं एक गेलं आहे ती क्षणभर थांबते. दोन म्हणावं तर तिसऱ्याला नाकारल्यासारखं होतं, तीन म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो, काय करतात तिघं? शाळेत प्रवेशाचे अर्ज भरून घेताना हा थांबलेला क्षण मी पुष्कळ वेळा बघितला आहे. अर्जावर ‘भावंडे’ असा रकाना असायचा. एका आईने मला हळूच विचारलं होतं, “सर, असलेली लिहू का झालेली?”

शाळेचीच एक गोष्ट सांगतो. नाव आणि साल देत नाही, कारण त्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. चौथीतला मुलगा, पावसाळ्यात ताप आला आणि तीन दिवसांत गेला. अशा वेळी हजेरीपटावर ‘पटावरून नाव कमी केले’ असा शेरा लिहायचा असतो आणि नावावर लाल शाईने रेघ. शाळा सोडून दुसऱ्या गावाला गेलेल्या मुलालाही तीच रेघ. नियम होता, मी रेघ मारली. नंबर मात्र बदलले नाहीत. त्याचा सतरा. सोळा नंबर “हजर सर” म्हणाला की मी थोडं थांबायचो आणि मग अठरा. मार्चपर्यंत तसंच चाललं. मुलांच्या मनावर परिणाम होईल असं वरून मला सांगण्यात आलं. परिणाम झालाच. पहिले आठ-दहा दिवस त्या जागी वर्ग चिडीचूप व्हायचा. मग पोरंच त्याच्या गोष्टी सांगायला लागली. गोट्या कसा जिंकायचा, पाढे म्हणताना तेराशी कसा अडायचा. हसायची पण. घाबरून शाळेला न आलेलं एकही पोर मला आठवत नाही. त्याची आई अजून बाजारात भेटते. मी तिला त्याचीच आई म्हणून हाक मारतो. भाजीची पिशवी खाली ठेवून ती उभी राहते, मग आमचं बोलणं होतं.

लोक म्हणतात, खपली कशाला काढायची? वेळ गेला की माणूस विसरतो. अहो, ज्याची जखम त्याला खपली धरली आहे की नाही हे कळतं, आपल्याला बाहेरून कसं कळणार? मी ज्या ज्या आईबापांशी बोललो त्यांतलं कोणीच विसरलेलं नव्हतं. आज असता तर कितवीला असता, लग्नाचा झाला असता, हा हिशोब त्यांच्या मनात रोज चालू असतो. आपण नाव काढल्याने त्यांना आठवण होत नाही. आठवण असतेच. आपण नाव काढलं तर ती बोलायला सोबत मिळते, एवढंच.

आणि ते फुलाचं बोलणं तर कृपा करून बंद करा. देवाला बागेतलं चांगलं फूल आवडलं म्हणून त्याने तोडलं, असं आपण सांत्वन करतो. म्हणजे देव फुलं चोरणारा झाला. येशूने कुठे असं केलं? याईराची मुलगी उठली तेव्हा तिला काहीतरी खायला द्या म्हणाला. भुकेचं सुचलं त्याला. (मार्कने त्या मुलीचं वय बारा वर्षं म्हणून आठवणीने लिहिलं आणि नाव मात्र लिहिलं नाही. इथे मला मार्कचा थोडा राग येतो.) आणि हेरोदाने बेथलेहेमातली बाळं मारली तिथे मत्तय आपल्या लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलची आठवण काढतो. ती सांत्वन घ्यायला तयार नाही. शुभवर्तमान तिला गप्प बस म्हणत नाही, तसंच रडू देतं.

आमच्या लहानपणी हे दुःख घरोघरी होतं. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२३ ची सरकारी आकडेवारी हजारी २५ म्हणते. ही फार मोठी गोष्ट आहे, लसी, दवाखाने, रस्ते आणि शिकलेल्या आया यांनी घडवलेली. पण तिची एक दुसरी बाजू आहे. तेव्हा जिचं लेकरू जायचं तिच्या शेजारी बसायला आणखी चार जणी असायच्या, ज्यांचं एखादं गेलेलं असायचं. काही बोलावं लागत नव्हतं. आज ज्या घरात असं होतं ते सगळ्या गल्लीत एकटंच असतं.

त्या जुन्या काळातलं एक बाळ मला नेहमी आठवतं. डॉक्टर आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एम. डी. झाल्या. इथून जवळच कोल्हापूरला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डावर त्यांची नेमणूक झाली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या क्षयाने गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे आम्ही शाळेत शिकवलं. त्या वाटेला त्या का लागल्या हे मात्र धड्यात एका ओळीत उरकलेलं असायचं. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. बाईच्या आणि बाळाच्या दुखण्याला बघणारं कोणी नव्हतं, ते त्यांनी स्वतः भोगलं. दहा दिवसांचं आयुष्य! त्या बाळाची आठवण त्यांनी गाडून टाकली असती तर ती मुलगी बोटीत बसली असती का? आनंदीबाईंवर कादंबरी झाली, सिनेमा झाला. त्या पोराला कोणी नावाने ओळखत नाही.

आता चर्चबद्दल थोडं, कारण हे माझ्या घरचं आहे. माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. बाप्तिस्मा व्हायचा होता. त्या काळी १९१७ चा चर्चचा कायदा चालू होता आणि त्यात बाप्तिस्मा न झालेल्याला चर्चच्या विधीने पुरायला मनाई होती. वडिलांनी आणि एका शेजाऱ्याने तिला सिमेट्रीच्या कडेला, कुंपणालगत पुरलं. प्रार्थना नाही, क्रूस नाही. पुढे आईला कोणीतरी सांगितलं की जीव धोक्यात असेल तर सुईणसुद्धा पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकते, त्यासाठी ती ख्रिस्ती असायला पाहिजे असंही नाही. झालं. “मी पाणी का नाही घातलं” हे आईने जन्मभर उराशी धरलं. अशी बाळं लिंबोत जातात असं तेव्हा शिकवायचे, म्हणजे नरक नाही, पण देवाचं दर्शनही नाही. ते काही विश्वासाचं ठरलेलं कलम नव्हतं, पण आयांना हा फरक कोण समजावणार?

चर्च बदललं, हे मान्य केलं पाहिजे. १९६९ च्या नव्या अंत्यविधीत बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळासाठी प्रार्थना आल्या. १९८३ च्या कायद्यात, ज्यांचा बाप्तिस्मा आईबाप करणार होते अशा बाळाला बिशपांच्या परवानगीने चर्चचा विधी देता येतो असं कलम आलं. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवली. इंग्रजी प्रत हातात आली तेव्हा तो परिच्छेद मी आईला मराठीत करून सांगितला. “असं हाय होय,” म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. मग थोड्या वेळाने विचारलं, “आता तिचं नाव मिस्सेला देता येतंय का?” १९९८ ला आई गेली. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं रोमच्या धर्मपंडितांच्या मंडळाने एप्रिल २००७ मध्ये स्पष्ट लिहून काढलं.

आमच्या येळ्ळूरच्या शेजाराचंही फार वेगळं नाही. दात येण्याआधी गेलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. दिवस नाहीत, श्राद्ध नाही. शास्त्राचं कारण काही असेल, पण बाईच्या बाजूने बघितलं तर तिलाही रडायला ठरलेली जागा नाही आणि ठरलेला दिवस नाही. आमच्या समोरच्या घरातल्या काकूंनी आईच्या त्या मुलीला बघितलं होतं. “नाक आईसारखं होतं,” असं त्या सांगायच्या. मला माझ्या बहिणीची एवढीच माहिती आहे, आणि ती एका हिंदू शेजारणीने राखून ठेवलेली. सरकारसुद्धा आपल्यापेक्षा बरं म्हणायचं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद करावी लागते.

म्हणून आपल्या फादरांना आणि पॅरिश कौन्सिलला माझी एक विनंती आहे. २ नोव्हेंबरला आपण फक्त त्या वर्षीची नावं वाचतो, त्यात ही जुनी लेकरं कधीच येत नाहीत. चर्चच्या मागच्या टेबलावर एक वही ठेवावी. ज्यांचं मूल गेलं आहे, मग ते काल गेलेलं असो की पन्नास वर्षांपूर्वी, पोटातच गेलेलं असो की दहावीत, त्यांनी त्याचं नाव लिहावं. नाव ठेवलं नसेल तर आता ठेवावं, नाहीतर नुसतं ‘बाळ’ आणि आईबापांचं नाव. २८ डिसेंबरला निर्दोष बालकांचा सण असतो. नाताळच्या गडबडीत तो कोणाच्या लक्षात येत नाही.  त्या संध्याकाळी एकत्र बसून ती सगळी नावं वाचावीत, प्रत्येक नावाला एक मेणबत्ती, बस्स. भाषण नको. शेजारच्या हिंदू, मुसलमान, लिंगायत घरांनाही बोलवावं. त्यांना प्रार्थनेला बसायचं नसेल तर नाव देऊन जावं, आपण वाचू.

एका गृहस्थांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, नावं फार झाली तर? होऊ देत. मी दोनशे पानी वही घेऊन ठेवली आहे. परवानगी मिळाली तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून सकाळच्या मिस्सेनंतर मी टेबलापाशी बसेन. ज्या आजीबाईंना लिहिता येत नाही त्यांनी नुसतं सांगावं, मी लिहून घेईन. पहिली ओळ आमच्या घरची आहे.

— एक निवृत्त शिक्षक, येळ्ळूर