वानगी आणि माल

धान्याच्या पेढीवर व्यापारी गिऱ्हाइकापुढें मूठभर दाणे ठेवतो, त्यांस वानगी म्हणतात. ते दाणे पोत्यांतलेच असले पाहिजेत, हा बाजाराचा जुना संकेत आहे. निवडून-पाखडून ठेवले तरी व्यापाऱ्यास कोणी दोष देत नाहीं. पण वानगी आंबेमोहोराची दाखवून पोत्यांतून भलताच तांदूळ मापावा आणि वर त्यास कला म्हणावें, एवढें धाडस कोणा वाण्यानें केल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनीं मात्र तें केलें आहे.

ट्रेलरांत पाहिलेलें दृश्य चित्रपटांत कां नाहीं, असें विचारलें कीं त्यांचें उत्तर ठरलेलें असतें: ट्रेलर अगोदर तयार होतो, संकलन मागाहून पुरें होतें. हें उत्तर अर्धें खरें आहे आणि तेवढ्यापुरतें आम्हांस मान्यहि आहे. 'रोग वन' (२०१६) या चित्रपटाचें बरेंचसें चित्रण पहिल्या झलकेनंतर पुन्हा झालें व जुनीं दृश्यें गळालीं. 'येस्टरडे'मधील (२०१९) आना दे आर्मास या नटीचे प्रसंग ट्रेलरांत आहेत, चित्रपटांत नाहींत; नायकाचें मन दुसरीकडे वळावें हें चांचणीच्या खेळास आलेल्या प्रेक्षकांस रुचलें नाहीं. आपल्या कृतीस शेवटच्या घटकेपर्यंत कात्री लावण्याची मोकळीक कलावंतास असलीच पाहिजे.

परंतु जें चित्रपटांत कधीं यावयाचेंच नव्हतें, त्याचें काय? 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'च्या (२०१७) ट्रेलरांत स्पायडर-मॅन आणि आयर्न मॅन जोडीनें झेपावत येतात. तें दृश्य केवळ ट्रेलरासाठीं घडविलें होतें, असें दिग्दर्शक जॉन वॉट्स यांनींच सांगितलें आहे. 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'च्या (२०१८) झलकेंत हल्क रणांगणांत धांवतो, चित्रपटांत त्या रणांगणावर तो प्रकटतच नाहीं. रहस्य राखण्यासाठीं हें केलें म्हणे! रहस्य राखावयाचें तर मौन पुरतें. त्यासाठीं खोटें दाखविण्याचें कारण नाहीं.

आणि आपल्याकडे? यशराज संस्थेनें 'फॅन' (२०१६) या चित्रपटासाठीं 'जबरा फॅन' हें गाणें मराठीसह अनेक भाषांत करवून घरोघर वाजविलें, आणि चित्रपटांतून तें वगळलें. औरंगाबादच्या एका शिक्षिकाबाई मुलांसह तो पाहावयास गेल्या व गाणें न दिसल्यामुळें ग्राहक मंचाकडे गेल्या. जिल्हा मंचानें तक्रार फेटाळली. राज्य आयोगानें २०१७ मध्यें १०,००० रुपये भरपाई व ५,००० रुपये खर्च देवविला. राष्ट्रीय आयोगानें तो निर्णय कायम केला. सर्वोच्च न्यायालयानें २२ एप्रिल २०२४ रोजीं तो रद्द केला. ट्रेलर हा कराराचा प्रस्ताव नव्हे, असें न्यायालयाचें म्हणणें. कायदा असेल तसा असो. पण त्या निकालानें निर्मात्याच्या वर्तनास सचोटीचें प्रशस्तिपत्र मिळालें, असें समजणारांशीं आमचा वाद आहे. एका गाण्यासाठीं कोणी न्यायालयांत जातें काय, अशी बाईंची थट्टाहि झाली. गाणें इतकें क्षुल्लक होतें, तर त्यावर पैसा ओतून गिऱ्हाईक कां जमविलें?

अमेरिकेंत 'येस्टरडे'च्या निर्मात्यांनीं याहून मजेदार पवित्रा घेतला: ट्रेलर हीच एक कलाकृति आहे! न्यायाधीशांनीं डिसेंबर २०२२ मध्यें तें मानलें नाहीं. ट्रेलरांत थोडी कलाकुसर असली तरी त्याचें मूळ रूप जाहिरातीचेंच, असा त्यांचा अभिप्राय पडला. (पुढें २०२३ मध्यें दावा बुडाला, पण तो तक्रारदारांस दावा लावण्याचा अधिकार पोंचत नाहीं या मुद्द्यावर.) गल्ला भरावयाचा असतां जाहिरात, आणि जाब द्यावयाचा असतां कला, हें दुटप्पीपण आम्हांस सोसत नाहीं.

चित्रगृहांत दाखविल्या जाणाऱ्या ट्रेलरास आपल्याकडे सेन्सॉर मंडळाचें प्रमाणपत्र लागतें. पडद्यावर कोणी विडी ओढली कीं कोपऱ्यांत धोक्याची सूचना छापण्यास निर्मात्यांस जागा सांपडते. तशीच, जें दृश्य वा गाणें केवळ जाहिरातीसाठीं चित्रित केलें असेल, त्याखालीं 'हें चित्रपटांत नाहीं' एवढी एक ओळ मंडळानें सक्तीची करावी. आणि जें संकलनांत मागाहून गळालें, तें तिकिटें विकण्यापूर्वीं जाहिरातींतूनहि काढून घ्यावें.