जोड्यांच्या दुकानांतून न्यायासनाकडे

सेनापति व राष्ट्राध्यक्ष यांचीं चरित्रें आमच्या वाचकांच्या परिचयाचीं आहेत. या वेळीं आम्ही एका दुकानदाराची ओळख करून देणार आहों. त्याचें नांव मिफ्लिन गिब्स.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं एका कृष्णवर्णी धर्मोपदेशकाच्या घरीं १८२३ सालीं त्याचा जन्म झाला. बालपणींच पितृछत्र हरपलें, तेव्हां तो सुतारकाम शिकला. १८५० सालीं तो सोन्याच्या लोभानें गजबजलेल्या सॅन फ्रान्सिस्को येथें गेला. पण त्याच्या शेजारीं काम करण्यास गोरे सुतार तयार होईनात. तेव्हां लोकांच्या जोड्यांना पॉलिश करण्यासही तो लाजला नाहीं. पुढें पीटर लेस्टर याच्या भागीदारींत त्यानें उंची जोड्यांचें दुकान थाटलें व तें नांवारूपास आणलें.

परंतु पैसा मिळाला म्हणजे मान मिळतोच असें नाहीं. एकदां दुकानांतच एका गोऱ्या गिऱ्हाइकानें लेस्टरला काठीनें मारलें. गिब्सच्या डोळ्यांदेखत हें घडलें. तरी दाद मागण्याची सोय नव्हती. कारण गोऱ्या मनुष्याविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत ग्राह्य नसे. मताचा अधिकारही त्यांस नव्हता. डोईपट्टी मात्र द्यावी लागे!

१८५७ सालीं दोघां भागीदारांनीं ही पट्टी देण्याचें साफ नाकारलें. दुकानांतील माल जप्त होऊन लिलावास निघाला. त्यांचा एक स्नेही गर्दींत फिरून लोकांस खरी हकीकत सांगूं लागला. लिलाववाल्यानें बोली पुकारली; कोणीही तोंड उघडलें नाहीं. माल दुकानांत परत आला.

१८५८ सालीं गिब्स व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतींतील गांवीं गेला. तेथेंही त्यानें दुकान मांडलें, आणि १८६६ सालीं तो नगरसभेवर निवडून आला. चाळिशी उलटल्यावर मायदेशीं परतून त्यानें कायद्याचा अभ्यास केला. १८७३ सालीं लिटल रॉक शहरीं लोकांनीं त्यास न्यायाधीश म्हणून निवडलें. ज्याची साक्षही एके काळीं चालत नव्हती, तोच न्यायासनावर बसला!

१९१५ सालीं गिब्स निवर्तला. त्याचें धैर्य वंदनीय खरेंच. पण उत्तम जोडे स्वस्तांत मिळत असतां ज्यांनीं हात आवरला, त्या अनाम गिऱ्हाइकांचेंही आम्हांस कौतुक वाटतें. अन्यायानें दारीं आलेला लाभ नाकारण्यास ना पुढारीपण लागतें, ना व्यासपीठ. तेवढें तर आपल्यापैकीं कोणासही जमण्याजोगें आहे.